तीस अंशांच्या अलीकडे

काकडीच्या त्या हरितगृहात थर्मामीटर आला तो उष्णता मोजण्यासाठी नव्हे, उष्णता मोजली जाते हे दाखवण्यासाठी. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, पाहुण्याच्या नजरेच्या बरोबर उंचीवर, जाळीच्या पांढऱ्या पेटीत तो टांगलेला होता. शेजारी काचेच्या चौकटीत एका आंतरराष्ट्रीय कराराची प्रत होती. आपला देश सोडून दुसऱ्या देशात राबायला आलेल्या माणसांचे हक्क त्यात सात भाषांमध्ये लिहिले होते. इथे काम करणाऱ्या तीस बायकांची भाषा सातवी, म्हणजे अगदी तळाला. ती वाचायची तर गुडघे टेकून बसावं लागे.

कलम अकरा असं होतं: "कामगारास अतिउष्णतेपासून संरक्षित केले जाण्याचा हक्क राहील. ओल्या तापमापकाचे वाचन तीस अंशांच्या वर गेल्यास दर तासास वीस मिनिटे विश्रांती देय राहील."

"देय राहील म्हणजे देणार, की द्यायची राहील?" असं रेडिओने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. रेडिओ म्हणजे पाचव्या ओळीतली बाई. ती झोपेतही बोलते अशी खोलीतल्या सगळ्यांची साक्ष होती.

हरितगृह शंभर पावलं लांब होतं. दाराच्या टोकाला जाड पुठ्ठ्याच्या जाळीची भिंत होती आणि तिच्यावरून दिवसभर पाणी झिरपत असे. समोरच्या टोकाला माणसाएवढे सहा पंखे. पंखे हवा ओढायचे, हवा ओल्या भिंतीतून गार होऊन आत यायची, आणि मग शंभर पावलांच्या वाटेवर वरचं ऊन, वेलींचा दमटपणा आणि बायकांचे उसासे गोळा करत पंख्यांपाशी पोचेपर्यंत तिची वाफ झालेली असायची. बायकांनी दोन्ही टोकांना नावं ठेवली होती, माहेर आणि सासर. थर्मामीटर माहेरी होता. काम बहुतेक सासरी असे, कारण ऊब मिळाली की काकडी तिथे लवकर धरते.

ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात आली ती प्रयोगबाईंच्या. गावी एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्या अकरा वर्षं मदतनीस होत्या. परीक्षानळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, प्रयोगाच्या दिवशी चाळीस पोरांना चाळीस थर्मामीटर मोजून देणं आणि मोजून परत घेणं, हे त्यांचं काम. शाळा बंद पडली, आणि त्या इथे काकडीचे वेल सुतळीला वळसे देऊन चढवू लागल्या. शाळा सुटली तरी नाव चिकटलं.

ओल्या थर्मामीटरचं गुपितही बायकांना त्यांनीच सांगितलं होतं. "पाऱ्याच्या गोळीवर ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. फडकं सुकतं तसा पारा गार होतो. आपला घाम सुकतो तसं आपलं अंग गार होतं, अगदी तसंच. हवा इतकी दमट झाली की फडकं सुकेनासं झालं, तर समजायचं, आता आपला घामही सुकणार नाही. मग आतली उष्णता आतच राहते."

"म्हणजे तो थर्मामीटर आपल्यासारखाच घामाघूम होतो म्हणायचा," रेडिओ म्हणाली.

"हो. फक्त त्याला माहेरी ठेवलंय."

प्रयोगबाईंना ही गोष्ट लागली होती, कारण सासरच्या टोकाला, शेवटून दुसऱ्या ओळीत, त्यांची धाकटी जाऊ काम करत होती. दोन भाऊ घरी पोरं सांभाळत होते आणि दोन जावा परदेशी काकड्या. धाकटीला इकडे आणायचा हट्ट प्रयोगबाईंचा. सासूबाईंचा जीव काही तयार होत नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "नेतेस तर ने. पण जशी नेतेस तशी परत आण. तुझ्या भरवशावर सोडतेय." प्रयोगबाईंनी हो म्हटलं होतं, आणि त्या हो म्हणाल्या की ते मोजून दिलेलं असे.

महिन्याभरात धाकटी दोनदा चक्कर येऊन पडली. पहिल्यांदा वेलींतच पडली, त्यामुळे लागलं नाही. दुसऱ्यांदा ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर कपाळ आपटलं. भुवईच्या वर दोन टाके पडले आणि तिच्या कागदांत एक ओळ वाढली. तिसऱ्यांदा पडली तर कामगार कामास अपात्र ठरेल, तिला परत पाठवण्यात येईल, आणि पुढे कधीही घेतलं जाणार नाही. हेसुद्धा करारातच होतं, कलम सतरा. ते कामगाराच्या आरोग्याच्या रक्षणासाठी होतं.

"म्हणजे उन्हात ठेवून मला पाडणार, आणि पडले म्हणून काळजीने घरी पाठवणार," धाकटी म्हणाली. "आईबापांनीसुद्धा एवढी काळजी केली नाही माझी."

"पाठवणार नाहीत. वीस मिनिटांची विश्रांती मिळाली तर पडायचीच नाहीस तू."

"मिळाली तर ना, ताई."

मिळवायची तर थर्मामीटर सासरी न्यायला हवा होता. प्रयोगबाईंनी मुकादमाला सांगितलं. मुकादम त्यांच्याच भाषेचा, बारा वर्षांपूर्वी असाच कामाला आलेला. आपल्या माणसांशी बोलताना तो आवाज चढवायचा आणि साहेबाशी बोलताना खांदे उतरवायचा.

"माझ्या हातात असतं तर आत्ता नेला असता," तो म्हणाला. "पण तक्रार लेखी पाहिजे. पेटीत टाका."

तक्रारपेटी होती. तिला कुलूप होतं आणि किल्ली व्यवस्थापकाकडे होती. हा माणूस कुठल्याही प्रश्नावर हसून "नो प्रॉब्लेम" म्हणत असे, म्हणून त्याचं नावच नो प्रॉब्लेम साहेब. पहिल्या तक्रारीला पंधरा दिवसांनी उत्तर आलं: तक्रार नमुना तीनमध्ये करावी. नमुना तीनमध्ये केली. त्यावर उत्तर: कराराप्रमाणे तक्रार उष्णतेची करता येते, उपकरणाच्या जागेची नाही. मग प्रयोगबाईंनी उष्णतेची केली. उत्तर आलं: उष्णतेच्या तक्रारीला उपकरणाचं वाचन जोडावं. उपकरण माहेरी सव्वीस-सत्तावीस दाखवत होतं.

तिन्ही उत्तरं प्रयोगबाईंनी तारखेवार दोऱ्यात ओवून ठेवली. रागावण्यासारखं त्यांत काही सापडत नव्हतं. प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर होतं.

आणि मग एका सकाळी मुकादम स्वतःहून चालत सासरच्या टोकाला आला. हातात पांढरी पेटी, हातोडी आणि खिळे.

"कुठे ठोकू? तुम्हीच सांगा."

बायकांची कामं थांबली.

"असे बघताय काय? तीन आठवड्यांनी करारवाल्यांची माणसं तपासणीला येतायत. एकही तक्रार न मिटलेली दिसता कामा नये. साहेब म्हणाले, मूव्ह इट, नो प्रॉब्लेम." त्याने काखेतली नवी कोरी वही काढली. "आणि हे घ्या. कलम चौदा. नोंद कामगारांच्या प्रतिनिधीने ठेवायची. प्रतिनिधी तुम्ही."

"मला निवडलं कुणी?"

"मी निवडलं. लोकशाही आहे."

त्या दिवशी प्रयोगबाई हसल्या. दर तासाला एक वाचन, आठ तासांची आठ. वही उघडताच त्यांचा हात आपोआप चालू लागला. त्यांनी पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, वाचन, शेरा. आणि वाचन आणि शेरा यांच्या मध्ये आणखी एक रकाना आखला, तोही सवयीनेच. त्याच्या डोक्यावर लिहिलं, दुरुस्ती.

शाळेत दर जूनमध्ये त्या सगळे थर्मामीटर बर्फात बुडवून बघत. वितळत्या बर्फात पाऱ्याने शून्य दाखवायला हवं. पण काच ही माणसासारखीच, वयाप्रमाणे जरा इकडेतिकडे होते. कुठला अर्धा अंश जास्त दाखवतो, कुठला कमी. प्रयोगबाई प्रत्येकाच्या देठाला चिठ्ठी बांधत, आणि पोरं वाचनातून तेवढं वजा करत. इथेही त्यांनी दुपारच्या सुट्टीत पॅकिंगच्या शेडमधून बादलीभर बर्फाचा चुरा आणला, त्यात थोडं पाणी घातलं आणि थर्मामीटर बुडवून बसून राहिल्या.

पारा उतरला आणि शून्याच्या वर सहा दशांशांवर थांबला. त्यांनी हलवून पाहिलं. तरी सहा दशांशच.

"काय निघालं?" धाकटीने विचारलं.

"सहा दशांश जास्त दाखवतोय."

"मग काय करायचं?"

"वजा करायचं."

धाकटीने मान हलवली. दुधातलं पाणी वजा करावं तसं काहीतरी असेल, असं तिला वाटलं.

पहिले दोन आठवडे आभाळ भरलेलं राहिलं. वाचनं एकोणतीसच्या आत राहिली. तरी बायका दर तासाला मान वळवून पेटीकडे बघत, आणि रेडिओ क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं ओरडे, "अठ्ठावीस पूर्णांक चार! अजून दोन हवेत!" तपासणीला पाच दिवस राहिले तेव्हा आभाळ निवळलं आणि ऊन असं उतरलं की प्लॅस्टिकच्या छताखाली सावली नुसती म्हणायला राहिली. बाराच्या सुमाराला धाकटीचे ओठ पांढरे पडू लागले. बायकांनी तिला खाली बसवलं. खालची पिवळी पानं बसूनच खुडायची असतात, त्यामुळे बसणं हे कामात मोडत होतं. दोघींनी क्रेटची ट्रॉली तिच्यापुढे आणून उभी केली आणि तिच्या वाटचे वेल प्रयोगबाईंनी आपल्या अंगावर घेतले.

"दिसतंय ना गं तुला?" त्यांनी वेलींतून विचारलं.

"दिसतंय. तुम्ही दोन दिसताय."

एक वाजला. प्रयोगबाई पेटीपाशी गेल्या आणि त्यांच्या मागोमाग रेडिओ. ती तर खांद्यावरूनच वाकली.

"तीस! तीस आणि वर दोन रेघा! एक रेघ म्हणजे किती?"

"दोन दशांश."

"म्हणजे तीस पूर्णांक चार! अगं, तीसच्या वर गेला! सुटलो!"

कुणी कात्री खाली टाकली, कुणी हातमोजे काढून हवेत झटकले. कुणीतरी ट्रॉली बाजूला ओढली आणि धाकटीला काखेत हात घालून उभं केलं. आरडाओरडा ऐकून मुकादम आला. त्याने पेटीत डोकावून पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि थोडं आश्चर्य, थोडी नाखुषी अशा चेहऱ्याने प्रयोगबाईंकडे वळला.

"किती लिहिलंत?"

प्रयोगबाईंनी वाचनाच्या रकान्यात ३०.४ लिहिलं होतं. दुरुस्तीच्या रकान्यात त्यांचं पेन टेकलं होतं. एकोणतीस बायका त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांतली एक वेलीला धरून उभी होती. हे सगळं त्यांना दिसत होतं. पण त्या रकान्यात वजा सहा दशांश सोडून दुसरं काही लिहिता येतं, हे अकरा वर्षांत त्यांच्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं. हाताने लिहिलं. मग तोंडाने वाचलं.

"एकोणतीस पूर्णांक आठ."

"म्हणजे?" मुकादम गोंधळला. "इथे तर तीसच्या वर दिसतंय."

"हा सहा दशांश जास्त दाखवतो. मी बर्फात तपासलाय."

मुकादमाने वहीतला आकडा बोट ठेवून पुन्हा वाचला. नशीब असं चालत दारी आलं की माणूस आधी घाबरतोच.

"मग तीसच्या आत आहे म्हणता. बरं. चला गं, कामाला लागा." आणि जाता जाता, अगदी सहज, त्याने जखमेवर मीठ चोळलं. "मी तर सुट्टी देणारच होतो बघा. बाईंचं गणित पक्कं."

पंखे तेवढे घरघरत राहिले. कात्र्या उचलल्या गेल्या.

संध्याकाळी खोलीवर धाकटी पाठ करून पडली होती. प्रयोगबाई ओला पंचा घेऊन गेल्या.

"कपाळावर ठेव."

"ठेवा तिकडे, जाऊबाई."

एरवी ती ताई म्हणायची. जाऊबाई हे भांडणाचं नाव होतं.

"खोटं कसं लिहू गं मी?"

"कुणी सांगितलं खोटं लिहा म्हणून? त्याने तीस-चार दाखवलं, तुम्ही तीस-चार लिहायचं. त्यात तुमचं काय खोटं? खोटं असलं तर थर्मामीटरचं." ती उठून बसली. "तो आयुष्यात एकदा चुकला, तोही आपल्या बाजूने. आणि तुम्ही त्याची चूक सुधारलीत! सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी पोटात खुपसून घेतं का?"

"उद्या त्यांनी तपासला असता तर..."

"कोण तपासणार होतं? या अख्ख्या देशात त्याला बर्फात बुडवणाऱ्या तुम्ही एकट्या."

दोन दशांश म्हणजे काचेवरची एक रेघ. धाकटीच्या शरीरात ती रेघ कुठेच नव्हती, हे प्रयोगबाईंना धाकटीपेक्षा जास्त कळत होतं. पंचा सुकला तेव्हा त्या पुन्हा भिजवून आणायला गेल्या.

तपासणीच्या दिवशी दारात कुंड्या आल्या. करारवाल्यांकडून एक मॅडम आल्या होत्या. पन्नाशीच्या, साध्या चपला घातलेल्या, चेहऱ्यावरूनच भल्या. त्या खरोखर सगळं बघत होत्या. संडासांची दारं उघडून पाहिली, पिण्याचं पाणी स्वतः पिऊन पाहिलं. मग त्या सासरच्या टोकाला आल्या, चार मिनिटं उभ्या राहिल्या, चष्म्यावर वाफ धरली आणि मुकादमामार्फत म्हणाल्या, "आपण पलीकडे गारव्याला बसून बोलू या का?"

माहेरी खुर्च्या मांडल्या होत्या. मॅडमनी वही उघडली, आणि तिसऱ्या पानावर थांबल्या. दुरुस्तीच्या रकान्यावर त्यांचं बोट गेलं. मुकादमाला त्यांनी दोनदा काहीतरी विचारलं.

"विचारतायत की हे कुणी शिकवलं."

प्रयोगबाईंनी बर्फाचं सांगितलं. मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी नो प्रॉब्लेम साहेबांकडे वळून भराभर काही सांगितलं आणि साहेबही उजळले.

"म्हणतायत," मुकादम सांगू लागला, "अठ्ठावीस देश फिरले, पण कामगाराने स्वतः उपकरण तपासून ठेवलेली अशी नोंद कुठे पाहिली नाही. कंपन्यांच्या वह्या खोट्या असतात, कामगारांच्या रागाच्या असतात. ही वही प्रामाणिक आहे. इतर देशांना नमुना म्हणून दाखवणार आहेत."

"त्यांना सांगा," प्रयोगबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला, "की बायकांना सोसत नाही. माझी जाऊ दोनदा पडली आहे. एकोणतीस-आठ आणि तीस-एक यांत अंगाला काही फरक कळत नाही."

मुकादमाने हे बरंच थोडक्यात सांगितलं असावं. तरी मॅडम गंभीर झाल्या. त्यांनी प्रयोगबाईंचा हात हातात घेतला.

"म्हणतायत, त्यांना समजतं. पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते. रेघेच्या वर गेलं असतं तर त्या स्वतः साहेबांना धारेवर धरणार होत्या. पण तुमच्याच हातचा आकडा आहे की तीसच्या वर एकदाही गेलं नाही. आणि तुमच्या आकड्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे."

खोटी वही असती तर खोडून काढता आली असती.

फक्त एक किरकोळ सूचना मॅडमनी लिहून दिली. जोडपत्रातल्या पद्धतीप्रमाणे वाचन एकदाच घेऊन चालत नाही. एकेक मिनिटाच्या अंतराने घेतलेली सलग तीन वाचनं सारखी आली पाहिजेत, तरच पारा स्थिर झाला असं समजायचं. शिवाय मोजमाप पारदर्शक असावं म्हणून ते सर्व कामगारांच्या समक्ष व्हावं. साहेबांनी "नो प्रॉब्लेम" म्हणून सही केली.

महिनाभराने प्रमाणपत्र आलं. त्याची चौकट कराराच्या चौकटीपेक्षा मोठी होती, आणि तिच्यातच खाली साहेबांची सही असलेली मॅडमची सूचनाही लावली होती. ते दारात लागलं तशी थर्मामीटरची पेटीही पुन्हा दारात आली. येणारे पाहुणे शंभर पावलं आत जात नाहीत, आणि इतका नावाजलेला थर्मामीटर दिसला तर पाहिजे ना, असं मुकादमाचं म्हणणं.

"मग वाचन कुठे घ्यायचं?" प्रयोगबाईंनी विचारलं.

"जिथे पेटी तिथे."

"आणि सगळ्यांच्या समक्ष?"

"सही झालीय ना साहेबांची? समक्ष म्हणजे समक्ष. दोन मिनिटांचं तर काम."

त्या पहिल्या दुपारी ऊन तपासणीच्या आठवड्यापेक्षाही कडक होतं. एक वाजता प्रयोगबाईंनी हाक मारली, तशा बाकीच्या एकोणतीस बायकाही सासरहून माहेरी चालत आल्या. धाकटी रेडिओच्या खांद्यावर हात टाकून आली आणि ओल्या भिंतीला पाठ लावून जमिनीवरच बसली. जाळीतून गार हवा येत होती. तिने डोळे मिटले.

"सत्तावीस," प्रयोगबाई म्हणाल्या आणि लिहिलं. एक मिनिट गेलं. "सत्तावीस पूर्णांक दोन." पुन्हा एक मिनिट. भिंतीवर पाणी सोडणारा पंप दर थोड्या वेळाने बंद पडून चालू होत असे, तशी हवाही थोडी बदले. "सत्तावीस." प्रत्येक आकडा त्यांनी लिहिला. दुरुस्तीही प्रत्येकाची केली.

सहाव्या मिनिटाला मुकादम आला.

"अजून काय चाललंय?"

"तीन सारखे यायचेत."

"अहो, सत्तावीस काय आणि सत्तावीस-दोन काय! विश्रांती थोडीच मिळणार आहे?"

"विश्रांती नाहीच आहे ही," प्रयोगबाई म्हणाल्या. "मोजमाप चाललंय."

"मोजमाप बघतोय आम्ही," रेडिओ म्हणाली. "समक्ष."

मुकादमाने चौकटीतल्या साहेबांच्या सहीकडे पाहिलं. तो तिथेच उभा राहिला. त्यालाही गार वाटत असावं.

नवव्या मिनिटाला सत्तावीस-दोन आलं. दहाव्याला पुन्हा सत्तावीस-दोन. प्रयोगबाईंनी धाकटीकडे पाहिलं. ओठांवर रंग परतायला लागला होता, पण मान अजून भिंतीवर तशीच टेकलेली. अकराव्या मिनिटाला त्या पेटीवर वाकल्या. पारा जागचा हलला नव्हता. तिसरं वाचन तेच होतं.

बायका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. हा चेहरा खोटं बोलत नाही, हे त्यांना महागात पडून कळलेलं होतं.

प्रयोगबाईंनी आकडा लिहिला, जसाच्या तसा. पेन वहीत ठेवलं. मग पेटीच्या तळाशी असलेली, फडकं ओलं ठेवणारी पाण्याची छोटी वाटी बाहेर काढली, डोळ्यांसमोर धरून नीट पाहिली आणि कोपऱ्यातल्या बाटलीने तिच्यात सावकाश पाणी घातलं. फडक्याचं टोक त्यात सारखं करून बुडवलं.

"आता हे काय?" मुकादम म्हणाला. "तीन सारखे आले! मी पाहिलेत!"

"आले. लिहिलेतही. पण वाटीतलं पाणी कमी होतं."

"भरलेली तर होती!"

"वाटीवरच्या रेघेच्या खाली होती," प्रयोगबाई म्हणाल्या. आणि ते खरं होतं. केसभर खाली होती. "पाणी कमी असताना घेतलेली वाचनं धरत नाहीत. आता फडकं मुरायला पाच मिनिटं, आणि मग पहिल्यापासून."

मुकादमाने कपाळाला हात लावला. त्याने साहेबांच्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं, आणि तिथे जाऊन नेमकं काय सांगायचं याचा विचार करत तसाच उभा राहिला.

भिंतीपाशी धाकटीने एक डोळा उघडला.

"स्थिर झाला का पारा, ताई?"

"नाही अजून," प्रयोगबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवं पान आखायला घेतलं.